लॅपटॉप घ्यायचाय: प्रोसेसर, रॅम की स्क्रीन, झुकतं माप कशाला?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपने मान टाकलीय, आता नवा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. माझं काम भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं. दिवसभर दोन फायली शेजारी शेजारी उघड्या, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, शिवाय एखादी अवाढव्य पीडीएफ. मधूनमधून मुखपृष्ठाची किंवा फोटोंच्या रंगदुरुस्तीची कामं येतात. गेम खेळत नाही. पाच-सहा वर्षं तरी बघायला लागू नये.

बजेटात तीन बसतायत. किमतीत फारसा फरक नाही:

१) आय७-१३५५यू, ८ जीबी रॅम (सोल्डर केलेली), १५.६ इंच फुल एचडी, २५० निट्स (स्क्रीनचा उजेड), ४५% एनटीएससी (किती रंग दाखवते त्याचं माप)
२) रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी, १५.६ इंच फुल एचडी, २५० निट्स, रंगांबद्दल काहीच लिहिलेलं नाही
३) आय५-१३३५यू, १६ जीबी (८ सोल्डर + ८ स्लॉटमध्ये), १४ इंच १९२०×१२००, ३०० निट्स, १००% एसआरजीबी (हेही रंगांचंच माप)

भाऊ म्हणतो, "आय७ मिळत असताना आय५ कशाला घेतेस?" त्याला काय उत्तर देऊ?

रात्रपाळी

तिसरा. डोळे झाकून.

खटपट्या

रात्रपाळी, कारणं कोण देणार?

ताई, आधी भावाचा मुद्दा. आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू या दोन्हींत १० कोअर (कामं करणारे गाभे) आहेत, २ जोरकस आणि ८ काटकसरी. थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) १२, कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी) १२ एमबी, सगळं सारखंच. आय७ची कमाल गती ५ गिगाहर्ट्झ, आय५ची ४.६. आय७चं ग्राफिक्स थोडं मोठं आहे. बस, एवढ्यावर '७'चा तोरा. तीही गती काही क्षणच टिकते. चिप गरम झाली की वेग उतरतोच, आणि तो किती उतरू द्यायचा हे लॅपटॉप बनवणारा त्याच्या पंख्यावरून नि पातळपणावरून ठरवतो. त्यामुळे चांगल्या कुलिंगचा आय५ कोंदट आय७च्या पुढे गेलेला सर्रास दिसतो.

आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर बघत जा. यू म्हणजे १५ वॅटचा, बॅटरी जपणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा. तुमच्या कामाला यू पुष्कळ.

दुसऱ्या मॉडेलमध्ये मात्र खरी मेख आहे. रायझन बनवणाऱ्या एएमडीने ७००० मालिकेत आकड्यांची एक रीत ठरवली होती: पहिला आकडा वर्षाचा (७ म्हणजे २०२३), दुसरा दर्जाचा, आणि तिसरा आकडा आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. ७५२०मध्ये तिसरा २, म्हणजे झेन २ ('झेन' हे त्या रचनेचं नाव). ती रचना २०१९ची. कोअर फक्त ४. याच मालिकेतला ७५३०यू झेन ३चा, ६ कोअरचा आहे. एका आकड्याचा फरक, पण दोन्हींच्या खोक्यावर 'रायझन ५'च. ७५२०यू टाकाऊ आहे असं नाही, टायपिंगला चालेल, पण पाच-सहा वर्षांचा हिशेब धरून घेण्यासारखा नाही.

आय५-आय७ बनवणारं इंटेलही यात सोवळं नाही म्हणा. 'कोअर ७ १५०यू' हे नाव नवं कोरं वाटतं, आत १३व्या पिढीचंच घराणं. 'अल्ट्रा' शब्द नसेल तर पिढी शोधूनच घ्या.

मेमरीस्लॉट

नावातच रॅम आहे म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. 😄

पहिलं मॉडेल इथेच बाद होतं. सोल्डर केलेली म्हणजे मदरबोर्डला कायमची चिकटलेली, आणि दुसरा स्लॉट नसेल तर ८ची १६ कधीच होत नाही. त्या ८मधूनच विंडोज आपला वाटा घेणार, ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसल्याने तेही त्यातलंच खाणार. वीस टॅब आणि दोन फायली उघडल्या की मशीन एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या डिस्कवर, उधारी सुरू करतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपास येत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. जुना लॅपटॉप अजून चालू होत असेल तर रोजचं सगळं उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 'कमिटेड'पुढचा पहिला आकडा बघा. तुमची भूक साधारण तेवढी. तिथेच खाली 'फॉर्म फॅक्टर' असतो: 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली, 'एसओडीआयएमएम' असेल तर काढता-घालता येणारी.

दुसऱ्याची १६ जीबीही सोल्डर केलेलीच असणार, तो प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ जातीची, सोल्डर करूनच बसवायची रॅम घेतो. तिसऱ्यात निदान अर्धी बदलता येते.

तिरकस

सगळे रॅम-प्रोसेसर करत बसलेत. ज्या बाईला दिवसभर अक्षरं बघायचीत तिला आधी स्क्रीनबद्दल सांगा की!

४५% एनटीएससी हा आकडा ऐकायला 'निम्मे रंग' वाटतो. एसआरजीबीच्या मापात तो साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास भरतो. लाल विटकरी दिसतो, भगवा फिका पडतो. अशा स्क्रीनवर मुखपृष्ठाचा रंग पक्का केलात तर छापून आल्यावर धक्का ठरलेला. आणि २५० निट्स म्हणजे खिडकीशेजारी बसलात की मजकुराऐवजी स्वतःचा चेहरा वाचायचा.

१९२०×१२०० म्हणजे १६:१० स्क्रीन. फुल एचडीपेक्षा उंचीला १२० पिक्सेल जास्त. टूलबार आणि खालची पट्टी जाऊन मजकुराच्या तीन-चार ओळी जादा दिसतात. मुद्रितशोधनात त्या सोन्याच्या.

एकच सावधगिरी. १४ इंचांवर १०० टक्के स्केलिंगला (विंडोजमधलं अक्षरं-चित्रं मोठी करायचं माप) देवनागरी बारीक पडते, 'र्द्र' आणि 'द्ध' जवळ डोळे नेऊन बघावे लागतात. १२५ किंवा १५० वर ठेवा. घरी मोठा मॉनिटर जोडणार असाल तर प्रश्नच मिटला.

वळणदार

तिरकसशी स्क्रीनबद्दल सहमत, पण यू प्रोसेसरबद्दल खटपट्याशी नाही. पाच-सहा वर्षांचा विचार असेल तर एच मालिकाच घ्यावी. आज जास्त वाटेल ते उद्या पुरेल.

खटपट्या

व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी असतं तर मीही तेच म्हटलं असतं. टायपिंग करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. एच घेऊन त्यांना जड चार्जर, पंख्याचा आवाज आणि लवकर उतरणारी बॅटरी मिळेल. असे लॅपटॉप म्हातारे होतात ते रॅम अपुरी पडल्याने, बॅटरी बसल्याने आणि बिजागरी सैल झाल्याने. प्रोसेसरचा नंबर त्यानंतर.

वळणदार

बिजागरीचा मुद्दा मान्य. बाकीचं तुमचं तुमच्यापाशी.

अनुस्वार

बापरे, भावाला हे वाचायलाच देते. मेमरीस्लॉट, तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. 'कमिटेड'ला ११ आणि काहीतरी आलं, जुन्यात ८ जीबी आहे! तरीच.

दोन शंका. ओएलईडी स्क्रीनचा एक थोडा वर जाऊन मिळतोय, तो घ्यावा का? आणि तिसऱ्यातली स्लॉटची रॅम पुढे वाढवायची तर काय करायचं?

तिरकस

तुमच्या कामाला ओएलईडी नको असं माझं मत. काळा रंग अप्रतिम, सिनेमाला तोड नाही. पण तुम्ही दिवसभर पांढरं पान बघणार, आणि ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे पांढरं पान सगळ्यात जास्त वीज खातं. वर तीच टूलबार तासन्‌तास एकाच जागी, म्हणजे तिची छाप उमटण्याची भीती. शिवाय बऱ्याच ओएलईडी स्क्रीन उजेड कमी केला की वेगाने चालू-बंद होऊन तो कमी करतात. काहींना जाणवत नाही, काहींचं डोकं धरतं. घ्यायचाच असेल तर उजेड उतरवून मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून बघा, पट्टे सरकताना दिसतील. मग ठरवा.

मेमरीस्लॉट

स्लॉटमधली ८ काढून १६ घालायची, एकूण २४. त्यातले ८ + ८ जोडीने चालतील, उरलेले ८ एकेरी वेगाने. तुमच्या कामात फरक कळणारही नाही. फक्त रॅम डीडीआर४ पिढीची की डीडीआर५ हे आधी बघा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. आणि खालचं झाकण उघडल्याने वॉरंटीचं काय होतं तेही विचारून घ्या.

रात्रपाळी

आणि मॉडेलचं नुसतं नाव बघू नका, मागचा लांबलचक पार्ट नंबर जुळवा. एकाच नावाखाली ४५% एनटीएससीवाली आणि १००% एसआरजीबीवाली अशा दोन्ही स्क्रीन विकतात. खोकं उघडल्यावर पूर्ण स्क्रीनभर आधी पांढरा, मग काळा, मग लाल रंग लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने झिरपणारा उजेड तपासा. परत करायची मुदत संपायच्या आत. 'तिसरा' मी आधीच म्हटलं होतं, नोंद असावी.