मदत हवी आहे: होडीच्या रंगवलेल्या बुडावर बुळबुळ आणि बार्नेकल

दिवाळ्याचा_पोर

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक गाड्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांचे धागे असतात, माझा प्रश्न होडीचा आहे. कुणीतरी पाण्यातलं भेटेल या आशेवर लिहितोय.

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावातले. बाबांची १८ फुटी फायबरची होडी आहे, मागे छोटं पेट्रोल इंजिन. मी ऐरोलीत नोकरी करतो, त्यामुळे होडीकडे माझं लक्ष रविवारीच. यंदा जून-जुलैच्या बंदीत ती वर काढली होती, तेव्हा मी हौसेने म्हटलं, आपण नीट रंगवू. बाबांचा हट्ट होता की बुडाला डांबर फासावं. मी दुकानातून 'बोटीचा रंग' म्हणून निळा ऑइलपेंट आणला, दोन हात मारले. नारळी पौर्णिमेला होडी अशी चकाचक दिसत होती की शेजारच्या काकांनी फोटो काढला.

पाऊस होता तोवर काहीच तक्रार नव्हती. घटस्थापनेच्या आसपास पाण्याच्या रेषेवर हिरवी दाढी दिसायला लागली. काल दसऱ्याला इंजिनाला हार घालायला ओहोटीत चिखलात उतरलो आणि बुडाखाली हात फिरवला. सगळीकडे तपकिरी बुळबुळ, शेंबडासारखी. मागच्या बाजूला, सुकाणूच्या कडेला आणि इंजिनाच्या पंख्याजवळ बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटून बसणारे टणक कवचाचे जीव, काही ज्वारीएवढे, काही हरभऱ्याएवढे. आधी ज्या फेरीला चार लिटर पेट्रोल लागायचं, तिला आता जवळपास सहा जातं. बाबा मला काही बोलत नाहीत, फक्त डब्यातलं पेट्रोल मोजताना माझ्याकडे बघतात.

काल त्यांनी कोयत्याच्या पाठीने थोडं खरवडलं. बार्नेकल निघाले, पण रंगही निघाला आणि दोन ठिकाणी खालचा पांढरा थर दिसायला लागला. निघालेल्या जागी पांढऱ्या गोल चकत्या तशाच चिकटून आहेत. मेव्हणा म्हणतो, संडास साफ करायचं ॲसिड टाक, मिनिटात जाईल.

प्रश्न असे: हे काढायचं कसं? ॲसिड चालेल का? आणि रंग लावूनही हे का आलं, दुकानदाराने फसवलं की माझं काही चुकलं?

रंगारी_ठाणे

दुकानदाराने फसवलं नाही, तुम्ही चुकीची वस्तू मागितली. बोटीचा ऑइलपेंट उन्हापाण्यात टिकतो, एवढंच त्याचं काम. शेवाळाला तो भिंतीसारखाच. बुडाला लागतो तो अँटीफाउलिंग रंग, ज्यात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं. ते हळूहळू पाण्यात सुटतं, म्हणून जीव बसायला बिचकतात. डबा हातात घेतलात तरी फरक कळतो, तांब्यामुळे तो चांगलाच जड लागतो.

कोयता आजपासून बंद. जो पांढरा थर दिसला तो जेलकोट, फायबरची कातडी. ती फाटली की पाणी आत मुरतं आणि पुढे फोड येतात. प्लास्टिकचा खरवडणा वापरा, तो आडवा धरा.

खाजणातला_खेकडा

बार्नेकलबद्दल एक गंमत. लोक त्याला शिंपला समजतात, पण तो आपल्या कोळंबी-चिंबोरीचा भाऊबंद. पिल्लू असताना पोहत फिरतो, जागा पसंत पडली की डोकं खाली चिकटवतो आणि जन्मभर उलटा उभा राहून पायांनी खातो. तुमच्या पांढऱ्या चकत्या म्हणजे त्याचं जोतं. घर पाडलं, जोतं राहिलं.

पावसात काही नव्हतं ते यामुळेच. खाडीत गोडं पाणी उतरलं की खारेपणा कमी होतो आणि यांची वस्ती थंडावते. पाऊस सरला, पाणी खारं झालं, ऊन आलं, की भाडेकरू हजर. सुरुवात बुळबुळीपासूनच होते. होडी पाण्यात पडल्यावर काही तासांतच जिवाणूंचा पातळ थर धरतो, मग सूक्ष्म शैवाल येतं. ती तपकिरी बुळबुळ तीच. वर ऊन लागतं तिथे हिरवी दाढी. म्हणजे बार्नेकलशी भांडण्याऐवजी बुळबुळ धरू द्यायची नाही.

निवटी_फ्राय

ॲसिडवाल्या मेव्हण्याला चहा पाजून घरी पाठवा. ॲसिड चुना खातं, त्यामुळे चकत्या विरघळतात हे खरं. पण इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो, तोही ते खातं. कुणी हौसेने त्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो, तेही चिखलात वाकून काम करताना. चकत्या राहिल्या तर राहू द्या, ओल्या पॉलिश पेपरने घासून सपाट करा.

रंगारी_ठाणे

सहमत. आणि पेपर ओलाच. कोरडं घासलं की धूळ नाकात जाते. उद्या तांब्याचा रंग लावलात तर तेव्हा हे दुप्पट लक्षात ठेवा.

जुना_तांडेल

पोरा, रंगाच्या भानगडीत नंतर पड. आधी उधाण बघ. चार दिवसांवर कोजागिरी. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे दुपारी बारा-एकच्या सुमारास भरती भरते, संध्याकाळी सहा-सातला पूर्ण ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर. पुनवेनंतर एक-दोन दिवस पाणी आणखी चढतं. भरतीला होडी जेवढी वर जाईल तेवढी घे, दोन्ही बाजूंनी टेकू दे. पाणी उतरत जाईल तसा तू वरून खाली घासत ये. बूड ओलं आहे तोवर बुळबुळ गोणपाटाच्या फडक्याने नुसती पुसून निघते. उन्हात वाळली की खपलीसारखी धरते, मग नखं तुटतात. हे काम एका दुपारचं आहे, चार माणसं आणि एक किटली चहा.

तुझ्या बाबांचं डांबर लाकडी होडीला ठीक होतं. आमच्या वडिलांच्या वेळी चुना नि तेल घोटून लावायचे. फायबरला त्यातलं काही नको.

दिवाळ्याचा_पोर

तांडेलकाका, बाबांनी हे वाचलं आणि "बघ, कोणीतरी शहाणं आहे तिथे" म्हणाले. मग अँटीफाउलिंग रंग याच वेळी लावून टाकू का? कोजागिरीच्या उधाणात वर काढली आणि त्यानंतर भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी तिथवर पोचलंच नाही, तर दिवाळीच्या अमावास्येपर्यंत ती कोरडी राहील. रंगाला भरपूर वेळ.

रंगारी_ठाणे

वेळ मिळेल, पण मी असतो तर नसता लावला. जुन्या ऑइलपेंटवर अँटीफाउलिंग थेट मारला तर खालचा रंग सुरकुततो. तो सगळा काढायचा, गोड्या पाण्याने धुवायचं, मधला प्रायमर, मग दोन हात, पाण्याच्या रेषेवर तिसरा. ऐन मासळीच्या दिवसांत पंधरा दिवस होडी वर ठेवायची, ती घाईच्या रंगासाठी? शिवाय तुमची होडी ओहोटीत चिखलावर बसते. मऊ, झिजणारा रंग त्या चिखलावरच घासून जाईल. कडक प्रकारचा घ्या.

खाजणातला_खेकडा

इथे मी उलट सांगेन. कडक रंग रोज उघडा पडून वाळत राहिला तर त्याचा जोर कमी होतो. झिजणारा त्याबाबतीत बरा. आमच्या ओळखीत दोन्ही पंथ आहेत आणि दोन्हीकडे बार्नेकल येतातच.

एक विनंती. पुढे तांब्याचा रंग लावलात की त्याची खरवड खाली ताडपत्री अंथरून गोळा करा, चिखलात सोडू नका. त्याच चिखलातले निवटी मासे आपण खातो. तांब्याचा रंग लावलेल्या बुडाला स्पंजच फिरवा, गोणपाट नाही. आणि तो रंग इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर लावू नका, सडतं.

दिवाळ्याचा_पोर

ठरलं. बाबांना पंधरा दिवस होडी वर ठेवायला सांगायची माझी हिंमत नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वर, संध्याकाळपर्यंत घासणं, जेलकोट उघडा पडलाय तिथे तात्पुरती एपॉक्सी पुट्टी, आणि पुट्टी सुकली की पुढच्या दुपारच्या भरतीला पाण्यात. मग जूनपर्यंत दर रविवारी ओहोटीत गोणपाट फिरवायची जबाबदारी माझी. खरा रंग जूनमध्ये, बंदीत, जुना सगळा काढून. कडक की झिजणारा, ते तेव्हा तुम्ही दोघं भांडून ठरवा.

एकच राहिलं. पंख्याच्या पात्यांवर जे बार्नेकल आहेत, ते पण प्लास्टिकनेच काढू ना?

जुना_तांडेल

हो. आधी इंजिनाची किल्ली खिशात घाल.