मिथेनच्या ज्वलनाची दोन उत्तरे

प्रश्न असा आहे: एक मोल मिथेनच्या ज्वलनातून ८०२ किलोज्यूल उष्णता मिळते असे गणिताने आले, पण पुस्तकात ८९० दिले आहे, मग चूक कोठे? माझ्या मते यात आकडेमोडीची चूक नाही, फरक पाण्याच्या अवस्थेचा आहे.

एक मोल मिथेन जळून एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि दोन मोल पाणी तयार होते. निर्मिती-एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ तयार होताना होणारा उष्णतेचा बदल) कार्बन डायऑक्साइडसाठी −३९३.५, द्रव पाण्यासाठी −२८५.८ आणि मिथेनसाठी −७४.८ किलोज्यूल प्रति मोल धरली (ऑक्सिजन मूलद्रव्यरूपात असल्याने त्याची शून्य), तर उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकांची वजा केल्यावर −८९०.३ येते. पाणी वाफ म्हणून सुटते असे मानून −२४१.८ घेतल्यास मात्र −८०२.३ उरते. मधले ८८ किलोज्यूल म्हणजे दोन मोल वाफेचे पाणी होताना २५ अंश सेल्सिअसला सुटणारी उष्णता. पाण्याच्या आकड्याला २ ने गुणायला विसरणे ही खरी नेहमीची चूक, पण ती येथे झालेली नाही.

बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (बंद पात्रात इंधन जाळून उष्णता मोजण्याच्या उपकरणात) वाफ आतच थंड होऊन पाणी बनते, म्हणून तेथे मोठ्या आकड्याशी तुलना करावी. शेगडीवर ती हवेत निघून जाते. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो वायू निव्वळ ब्युटेन मानला (प्रत्यक्षात त्यात प्रोपेनही असतो), तर पहिल्या (द्रव पाण्याच्या) हिशेबाने सुमारे ७०३ मेगाज्यूल आणि दुसऱ्या (वाफेच्या) हिशेबाने सुमारे ६४९ मेगाज्यूल येतात, आणि स्वयंपाकासाठी दुसराच हिशेब धरणे योग्य. भांड्यापर्यंत त्यातलेही सगळे पोचत नाहीत, हे वेगळेच.