मदत हवी आहे: गावपातळीवर फुटबॉल लीग कशी चालवतात? (टूर्नामेंट नव्हे, लीग)

मंडळी नमस्कार. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातून लिहितोय, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि खालचं वाचून दोन वाड्या माझ्याशी बोलणं सोडतील.

तर विषय असा की आमच्याकडे फुटबॉल बऱ्यापैकी आहे, गोवा शेजारी असल्याचा गुण म्हणा. पण जो आहे तो सगळा नॉकआउट. मे महिन्यात चाकरमानी आले की दोन दिवसांची स्पर्धा, मोठा मंडप, त्याहून मोठा डीजे, सोळा संघ, हरला की घरी. म्हणजे आठ संघांची पोरं टी-शर्ट छापून येतात, एक मॅच खेळतात आणि वडापाव खाऊन परत. बाकी वर्षभर काय? काही नाही, टेनिस बॉल क्रिकेट.

आणि गेल्या मे महिन्यात फायनलला जो राडा झाला तो तर विचारूच नका. एका संघाने ऐनवेळी तीन बाहेरची पोरं उतरवली, त्यातला एक जण आदल्या दिवशी दुसऱ्याच संघाकडून खेळला होता, रेफरी आमच्याच गावचा, त्याने शिट्टी मारली तरी शिव्या आणि नाही मारली तरी शिव्या, शेवटी ट्रॉफी अजून सरपंचांच्या कपाटात आहे. तेव्हापासून डोक्यात आहे की दिवाळीनंतर नीट लीग घ्यायची, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, गुणांचं टेबल लावायचं. तोंडी हो म्हटलेले नऊ संघ आहेत. नऊ म्हणजे विषम, तिथेच गाडी अडली. मॅचेस किती होतील, कोणाची परवानगी लागते, असोसिएशनकडे जावंच लागतं का, रेफरी कुठून आणायचे? ग्राउंड म्हणाल तर शाळेचं आहे, जेमतेम ७५ बाय ४८ मीटर, किंवा भात कापल्यावर एक मळा मिळू शकतो. कोणी प्रत्यक्ष लीग चालवली असेल तर प्लीज सांगा, गुगलवरचं ज्ञान नको.

प्रतिसाद

माका हसाक येता वाचून, आमच्याकडे पण हाच झालेला, फक्त आमची ट्रॉफी फुटली. मी सांगतंय तुका, पयली गोष्ट म्हणजे खेळाडूंची यादी. यादी नाय तर लीग नाय.

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

वरच्या भाऊंनी एका ओळीत सगळं सांगितलं, मी जरा पसरतो.

आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे तालीम-मंडळांचे संघ आहेत, पेठ-पेठ भांडते, तरी शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग वर्षानुवर्षं चालते. ती चालते कारण सीझनच्या आधी खेळाडूंची नोंदणी होते आणि ती बंद झाली की बंद. तुम्ही पण तेच करा. प्रत्येक संघाने वीस नावं द्यायची, आधारची झेरॉक्स, फोटो, आणि एक खेळाडू एकाच संघाचा. मधे बदल करायचा असेल तर अर्ध्या लीगनंतर एकदाच चार-पाच दिवसांची खिडकी, तीही जुन्या संघाच्या सहीच्या कागदावर. ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दिसू दे, चोरून ठेवू नका. राडा मैदानावर होत नाही हो, तो यादी नसल्यामुळे होतो, मैदानावर फक्त दिसतो.

विषम संख्येचं सोपं आहे. नऊ संघ म्हणजे एकेरी लीगला ३६ मॅचेस. दहावा संघ म्हणून ‘सुट्टी’ लिहायचं. दहा चिठ्ठ्या टेबलावर पाच-पाचच्या दोन ओळींत समोरासमोर मांडा, सुट्टीची चिठ्ठी कोपऱ्यात दाबून ठेवा आणि बाकीच्या नऊ दर राउंडला एकेक घर सरकवा. समोरासमोर आलेले खेळतील, सुट्टीसमोरचा घरी. नऊ राउंडमध्ये सगळे सगळ्यांशी खेळून होतात आणि प्रत्येकाला बरोब्बर एक सुट्टी मिळते. हे सगळ्या कॅप्टनसमोर करा, नाहीतर ‘आम्हाला पहिलीच मॅच तगड्यांशी का लावली’ हे जानेवारीपर्यंत ऐकत बसाल.

राउंडला चार मॅचेस. तीस-तीस मिनिटांचे हाफ धरले तर मधली विश्रांती आणि चढ-उतार धरून एका मॅचला सव्वा तास. सकाळी दोन, दुपारी साडेतीननंतर दोन. नऊ रविवार, वर दोन रविवार राखीव ठेवा. जत्रांचं बघा, तुमच्याकडे दिवाळीनंतर गावागावात जत्रा असतात ना? रात्रभर दशावतार बघून आलेला गोलकीपर सकाळी सातला काय अडवणार.

धागाकर्ता

दशावतार बघून नव्हे, आमचा गोलकीपर दशावतारात काम करतो 😄 पण मुद्दा पटला, त्या गावाची सुट्टी त्यांच्या जत्रेच्या रविवारी पाडता येईल.

ग्राउंडचं काय? अकराचे संघ बसतील का? आणि पुळण आहे की आमच्याकडे भरपूर, काही जण म्हणतात किनाऱ्यावरच खेळू.

प्रतिसाद

अकरा-अकराला नियमाप्रमाणे लांबी कमीत कमी ९० मीटर लागते, तुमच्याकडे तेवढी नाही. पण स्थानिक पातळीवर मैदान, वेळ, गोलपोस्ट बदलायची सूट नियमांतच ठेवलेली आहे. नऊ-नऊचे संघ करा. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना नऊ-नऊ खेळवतात, ८० बाय ५० यार्डावर, म्हणजे ७३ बाय ४६ मीटर, तुमचं ग्राउंड जवळपास तेच. मोठ्यांना जरा दाटी होईल, पण खेळ वेगवान होतो आणि पोटं सुटलेल्यांना तेवढंच बरं. बदली खेळाडू परत आत घ्यायची मुभा ठेवा. आणि अकराच्या खेळात सातपेक्षा कमी असले की मॅच सुरू करत नाहीत, तुम्ही नऊसाठी सहा ठरवा, पण आधी लिहून ठेवा.

मळ्याचं मात्र सांभाळून. कापणी झाली की मालक कुळीथ टाकतो, मग तुमचा पाचवा राउंड कुळथात.

पुळणीचं स्वप्न सोडा, निदान लीगसाठी. आमची आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमा-अमावस्येला सव्वा अकराच्या सुमारास. म्हणजे या रविवारी संध्याकाळी ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला पेनल्टी एरियात पाणी. एक आड एक रविवारच खेळता येईल. त्यापेक्षा मे महिन्यात पोरांसाठी वेगळं बीच सॉकर घ्या, ते पाच-पाचचं असतं आणि बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, अनवाणी.

धागाकर्ता

तिथीचा हिशोब घरी विचारला तर बाबा म्हणाले एवढं पण माहीत नाही तुला, होडीवाल्याच्या घरात जन्मलास ना 🙈 असो. रेफरी आणि असोसिएशनचं कोणीतरी सांगा.

प्रतिसाद (मुंबईहून, पूर्वी रेफरी)

साखळी अशी आहे: क्लब, त्यावर जिल्हा असोसिएशन, त्यावर राज्याची विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि वर अख्ख्या देशाची एआयएफएफ, म्हणजे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. वाड्यांची आपापसातली लीग खेळायला लगेच संलग्नता घेऊन बसायची गरज नाही, पण जिल्हा असोसिएशनला पत्र देऊन कळवा आणि मान्यता मागा. दोन कारणं. एक, रेफरी तिथूनच मिळतील. दोन, तुमच्यातली काही पोरं गोव्यात किंवा मुंबईत क्लबकडून खेळत असतील, त्यांची एआयएफएफच्या सीआरएसवर (खेळाडू नोंदणीची ऑनलाइन सिस्टीम) नोंदणी असते आणि मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलं तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. तुमची हौस, त्याचं करिअर.

संस्था रजिस्टर करायची तर सात जण लागतात, सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. पहिल्या वर्षी गावच्या रजिस्टर मंडळाच्या नावावर घेतलं तरी चालेल, फक्त लीगचं बँक खातं वेगळं ठेवा. आणि कमिटीत प्रत्येक संघाचा एक माणूस हवा, पण तक्रारी ऐकणारे तीन जण कुठल्याच संघाचे नकोत, हायस्कूलचे पीटीचे सर, निवृत्त बँकवाले वगैरे. पुढाऱ्याला ट्रॉफी द्यायला बोलवा, कमिटीत नको. बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये अख्ख्या एआयएफएफला दहा-बारा दिवस निलंबित केलं होतं, तुमची लीग किस झाड की पत्ती.

आता रेफरी. दर रविवारी दोन पुरतात, एकाने सकाळच्या, दुसऱ्याने दुपारच्या मॅचेस घ्यायच्या. मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं एन्ट्री फीमधून आधीच बाजूला काढा, मॅच संपल्यावर हरलेल्या कॅप्टनकडे पैसे मागायची वेळ आणू नका, मी मागितलेत, अनुभव चांगला नाही. लाइन्समनसाठी ती सुट्टी कामाला येते: ज्या संघाला सुट्टी त्याने चार माणसं द्यायची, दोन झेंड्याला, दोन बॉल आणायला. त्या दिवशी गावात त्यांच्याइतकं तटस्थ कोणी नसतं.

आणि अनामत घ्या प्रत्येक संघाकडून. एक वॉकओव्हर दिला, म्हणजे मॅचला आलेच नाहीत, तर समोरच्याला ३-० आणि अनामतीतून निम्मी कट, दोन दिले तर संघ बाद आणि त्याच्या सगळ्या मॅचेसचे निकाल रद्द. लीग मारामारीने बंद पडत नाही. तळातले संघ सहाव्या राउंडनंतर यायचे थांबतात ना, तिथे ती बंद पडते. म्हणून सगळं बक्षीस पहिल्या दोघांना देऊ नका, पाचव्या ते नवव्या नंबरसाठी पण काहीतरी ठेवा, एखादा छोटा चषक, नाहीतर दोन नवे बॉल. आमच्या एका लीगमध्ये ‘सगळ्या मॅचेसला वेळेवर आलेला संघ’ म्हणून बॉल द्यायचो, त्याच्यासाठी जास्त चुरस.

प्रतिसाद

पॉइंट सेम झाले तर आधी आपापसातली मॅच बघायची की गोल फरक (मारलेले वजा खाल्लेले), हे पण पहिल्या मीटिंगला लिहून घ्या. नंतर ज्याला जे सोयीचं ते नियम आठवतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल नऊच्या नऊ कॅप्टनना शाळेत बोलावलं, आठ आले (नववा मच्छी उतरवायला गेला होता, ते ग्राह्य धरलं). चिठ्ठ्या सरकवून फिक्स्चर काढलं, कोणी भांडलं नाही, आश्चर्य आहे. यादीची शेवटची तारीख दसऱ्याची ठरली, आपापसातली मॅच आधी, मग गोल फरक. जिल्ह्याला पत्र सोमवारी देतोय.

एकच अडचण उरलीय. शाळेचं ग्राउंड डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी दोन रविवार मिळणार नाही, म्हणून मळेवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले या वर्षी कुळीथ नाही टाकत, खेळा बिनधास्त, पण माझ्या नातवाला घ्या. नातू पुण्याला असतो, नाताळच्या सुट्टीत येणार. यादी दसऱ्याला बंद. आता काय सांगू त्यांना?