टिनाचा चावीचा लहान ग्रामोफोन: वाजवावा की नुसता जपावा?

प्रश्न (महाल, नागपूर)

आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना पितळी भांड्यांच्या पेटीत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, मुलांसाठी केलेला टिनाचा एक ग्रामोफोन मिळाला. रुंदी वीतभर असून बाजूंवर रंगीत चित्रे छापलेली आहेत. तळाशी 'बी' आणि 'डब्ल्यू' ही रोमन अक्षरे आणि 'डी.आर.जी.एम.' असे कोरलेले दिसते. चावी दिली की चकती चार-पाच फेरे घेते, मग आत धप्प असा आवाज होतो आणि ती अडखळते. आजीने तो लहानपणी ऐकलेला आहे, म्हणून तिच्यासमोर एकदा तरी वाजावा अशी मनापासून इच्छा आहे. त्यावर हल्ली मिळणाऱ्या नव्या रेकॉर्ड लावल्या तर चालतील का?

उत्तर (धरमपेठ)

आपल्या वर्णनावरून हे यंत्र जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याचे असावे. १९१९ पूर्वीच्या खेळण्यांवर हा कारखाना 'जीबीएन' ही खूण करीत असे, नंतर 'बीडब्ल्यू' आली. १९३०च्या दशकाच्या आरंभी कारखाना डबघाईला आला, त्यामुळे आपले यंत्र या दोन टप्प्यांच्या मधले ठरते. या कारखान्याचे 'पिग्मीफोन' आणि 'किडीफोन' हे मुलांचे ग्रामोफोन १९२०च्या दशकातले आहेत. 'डी.आर.जी.एम.' म्हणजे जर्मनीत रचनेची नोंदणी झाल्याची खूण. टिनावरची चित्रे छपाईची आहेत. ती पुसायला स्पिरिट, थिनर किंवा घासणी मुळीच वापरू नये. किंचित ओलसर मऊ फडके पुरे, कारण एकदा निघालेला रंग परत येत नाही आणि अशा वस्तूचे खरे मोल त्या रंगातच असते.

उत्तर (इतवारी, घड्याळांची दुरुस्ती करतो)

'धप्प' हा आवाज ओळखीचा आहे. पोलादी पट्टीची स्प्रिंग डब्यात गुंडाळलेली असते आणि तिच्या वेढ्यांमध्ये भरलेले ग्रीस काही दशकांनी घट्ट, चिकट होते. मग वेढे हळूहळू सुटण्याऐवजी एकमेकांना चिकटून राहतात आणि एकदम सुटतात, तोच हा धक्का. तेल टाकून हा दोष जात नाही. स्प्रिंग बाहेर काढून, जुने ग्रीस धुऊन नवे भरावे लागते. मात्र ते घरी करू नका. चावी भरलेली असताना डबा उघडला तर पट्टी उसळून हात कापते, म्हणून आधी चावी पूर्ण उतरू द्यावी आणि काम माहीतगाराकडेच द्यावे. फिरत्या दांड्यावरची लहान वजने, म्हणजे गव्हर्नर, आणि त्याला घासणारी चामड्याची गादीही तपासून घ्यावी, कारण वेग तिथेच आवरला जातो.

उत्तर (धरमपेठ)

नव्या रेकॉर्ड लावू नका. त्या व्हायनिलच्या असतात आणि या यंत्राची जड पोलादी सुई त्यांचे खाचे पहिल्याच फेरीत ओरबाडते. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या (रेकॉर्ड) लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून केलेल्या असत. त्या सुईलाच झिजवून खाच्याच्या आकाराची करून घेत, म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची रीत होती. (ही लाख पळस, बोर, कुसुम या आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांची, याचा मला फार आनंद वाटतो.) लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तबकड्याही स्पिरिटने पुसू नयेत. आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या पत्र्याखालच्या माळ्यावर तर कधीच ठेवू नयेत, वाकतात. भिंतीलगत उभ्या ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. स्प्रिंग धुऊन आणली असून धक्का गेला. तबकडीखाली कागदाचा चिठोरा लावून मोजले, तर २० सेकंदांत २२ फेऱ्या झाल्या.

उत्तर (इतवारी)

मिनिटाला ७८ म्हणजे २० सेकंदांत २६ हव्यात. म्हणजे यंत्र अजून मंद आहे. गव्हर्नरच्या गादीचा स्क्रू अगदी थोडा सैल करा, पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि तबकडी वाजत असतानाच पुन्हा मोजा, कारण सुईच्या ओझ्याने वेग आणखी उतरतो.