जिवाणूच्या पेशीत प्रथिने किती वेगाने पसरतात?

प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत एका टोकाला तयार झालेले प्रथिन दुसऱ्या टोकाला पोहोचायला साधारण किती वेळ लागतो? पाण्यातील विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याचा, वेग धरून काढलेले उत्तर मला पटत नाही, कारण पेशीच्या आत फारच दाटी असते.

पहिले उत्तर: आपली शंका रास्त आहे. हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे जीएफपीचा, विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) पाण्यात सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद असतो, ई. कोलायमध्ये मात्र १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात तो ७.७ च्या आसपास आढळला. पेशीच्या एका भागातील चकाकी लेसरने विझवायची आणि आजूबाजूचे रेणू तेथे सरकून ती किती वेळात भरून काढतात हे पाहायचे, अशी ही सुंदर पद्धत आहे. अंतराच्या वर्गाला गुणांकाच्या दुपटीने भागले, तर दोन मायक्रोमीटरसाठी जेमतेम पाव सेकंद येतो. म्हणजे दाटीमुळे वेग दहापटीहून अधिक घटूनही पेशी इतकी लहान आहे, की वाहून नेणाऱ्या यंत्रणेवाचून तिचे सहसा अडत नाही.

दुसरे उत्तर: हा आकडा सर्व प्रथिनांना सरसकट लावू नये. त्याच अभ्यासात जीएफपीला माल्टोज-बंधक प्रथिन हे दुसरे प्रथिन जोडल्यावर गुणांक २.५ वर आला, आणि केवळ हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे छोटे शेपूट जोडल्यानेही तो ४ पर्यंत उतरला, जे नुसत्या आकारमानाने समजावता येत नाही. पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिने तर याहूनही कितीतरी संथ असतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. शेपटाचा परिणाम मी हिशेबात धरलाच नव्हता.