जत्रेतल्या नाटकाचे दिवे लॅपटॉपवरून चालवावेत का? बेळगाव-खानापूरकडच्या हौशी मंडळींनी बोला

विंगेतला
आमच्या मंडळाचं नाटक यंदाही जत्रेला आहे. खानापूर तालुक्यातलं गाव, देवळापुढचं पटांगण, वर मंडप. दिवे दरवर्षी भाड्यानं येतात आणि त्यांच्याबरोबर १२ स्लायडरचा दोन ओळींचा बोर्ड आणि तो चालवणारा माणूसही येतो. यंदा मी मीटिंगमध्ये म्हटलं, बोर्ड नको, माझ्या लॅपटॉपवरून चालवतो. तर असा गलका झाला की जणू मी नांदीच रद्द करा म्हटलं! म्हणून इथं विचारतोय.

माझं म्हणणं असं. हॅलोजनच्या जमान्यात एक दिवा, त्याचा उजेड कमी-जास्त करणारा एक डिमर, एक स्लायडर एवढाच हिशेब होता. रंग हवा तर जिलेटिन कापून लावा. आता भाड्यानं मिळतात ते एलईडी पार, म्हणजे एकाच डब्यात सगळे रंग असलेले दिवे. आमच्याकडे येणाऱ्या पारला मास्टर (एकूण उजेड), लाल, हिरवा, निळा, पांढरा, स्ट्रोब (लुकलुक) आणि प्रोग्रॅम असे ७ चॅनल, म्हणजे हुकुमाच्या वेगळ्या वाटा, लागतात. आठ पार म्हणजे ५६ चॅनल. ते १२ स्लायडरवर बसवायचे कसे? मग बोर्डवाला काय करतो, सगळ्या पारना एकच पत्ता (सुरुवातीच्या चॅनलचा नंबर) देतो. अख्खं स्टेज एकदम निळं नाहीतर एकदम लाल.

दिव्यांना हुकूम पोचवणारा सिग्नल म्हणजे डीएमएक्स, त्याच्या एका केबलमधून ५१२ चॅनल जातात, प्रत्येकाला ० ते २५५ पर्यंत किंमत. पहिल्या पारला पत्ता १, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला १५, असं पुढं. लॅपटॉपला यूएसबी डोंगल (लॅपटॉपचा हुकूम डीएमएक्समध्ये बदलणारी डबी), त्यातून केबल पहिल्या पारला, तिथून दुसऱ्याला. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक प्रसंगाचा उजेड तालमीतच बसवायचा, फेडला, म्हणजे उजेड हळूहळू चढायला-उतरायला, किती सेकंद ते लिहून ठेवायचं, प्रयोगाला फक्त स्पेसबार दाबायचा. आमच्या नटांना आपल्यावर कुठला उजेड पडणार ते आजवर प्रयोगाच्या रात्रीच कळत आलंय. हे बदललं तर वाईट काय?

डिमरवाला काका
पोरा, हिशेब तुझा बरोबर हाय, खरं स्पेसबारला नट दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. आई मुलाचं पत्र वाचते, घडी घालते, कमरेला खोचते आणि मग उजेड खाली. तालमीत त्याला धरून चालू ५ सेकंद. एका गावात बाईचा पदर पेटीच्या कडीत अडकला. तिनं एका हातानं पदर सोडवला, दुसऱ्या हातात पत्र तसंच. लोकांना वाटलं नाटकातच हाय, चिडीचूप बसली. मी स्लायडर निम्म्यावर धरून ठेवला. तिनं पत्र खोचलं तेव्हा बोट खाली आणलं. तुझं मशीन ५ सेकंदांत अंधार करून मोकळं झालं असतं आणि बाई अंधारात पदर ओढत बसली असती.

दुसरं, हॅलोजन खाली आणताना तांबूस होत जातो, चुलीतला निखारा विझावा तसा. तुझा एलईडी खाली आणला की नुसता कमी होतो, रंग तोच. प्रकाशयोजना करणाऱ्या तापस सेनांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात एका नाटकातला खाणीत पाणी शिरतं तो प्रसंग निव्वळ दिव्यांवर उभा केला होता. कुठला लॅपटॉप होता तेव्हा? आणि अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले की, गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी संगीत नाटक उभं केलं तेव्हा वीजसुद्धा नव्हती.

नाटकवेडी
काका, वीज नव्हती तेच चांगलं असेल, तर तुम्ही डिमर तरी कशाला हातात धरलात? 😄

मी बेळगावात नाटकं बसवते. २०१५ ला आपल्याकडे नाट्य संमेलन झालं तेव्हापासून ऐकतेय, आता हौशी नाटकानं कात टाकायला हवी. कात टाकायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला जुनीच बरी वाटते. तापस सेनांचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. तो प्रसंग त्यांनी आधी बसवला आणि मग रोजच्या रोज तसाच दिसला पाहिजे म्हणून राबले. आमच्याकडे पहिल्या प्रयोगाला पहाट झाली की दुसऱ्या प्रयोगाला त्याच जागी संध्याकाळ असते.

शिवाय आपल्या भागाची एक गोष्ट आहे, पुण्या-मुंबईच्यांना ती कळायची नाही. आमचा दिवे चालवणारा मुलगा कानडी. भाजी घेण्यापुरतं मराठी येतं, पण घरच्या भांडणाचा संवाद कुठे संपतो ते त्याला कसं कळणार? बोर्ड होता तेव्हा मी विंगेतून हात हलवायचे, तो भलताच स्लायडर ढकलायचा. आता क्यूंना, म्हणजे उजेड बदलायच्या प्रत्येक जागेला, नंबर आहेत. मी हेडफोनवर म्हणते, "हदिनाल्कू, ईग!" (चौदा, आता!) आणि चौदावा क्यू जातो. त्याला नाटक कळत नाही, नंबर कळतो. तो चुकला तर ती चूक माझी, कारण 'ईग' मी म्हटलेलं असतं.

वायरमन निपाणी
दोन्ही बाजूंनी वरवरचं चाललंय. खाली वायरीकडे कुणी बघत नाही.

१,००० वॅटचे आठ हॅलोजन पूर्ण लावले तर ८ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ३५ अँपिअर. ते तुम्ही देवळाच्या सिंगल फेज मीटरवरून ओढणार, त्यावरच साऊंडवाला, आइस्क्रीमवाला आणि पाळणेवाल्याची माळ. वर व्होल्टेज पडलं की हॅलोजन आपसूकच तांबूस होतो. काका, तुमच्या त्या निखाऱ्यातला निम्मा वाटा कमी व्होल्टेजचा असणार! म्हणून दिवे एलईडीच घ्या, यात वाद नको.

लॅपटॉपचं मात्र जपून. दोन गोष्टी हमखास नडतात. साधा डोंगल घेतला तर त्याला स्वतःचं डोकं नसतं, सिग्नलची लय लॅपटॉपच सांभाळतो. मागं अपडेट किंवा अँटिव्हायरस सुरू झाला की लय चुकते आणि दिवे लुकलुकतात. चांगल्या डोंगलमध्ये स्वतःची चिप असते, लॅपटॉप दमला तरी ती शेवटचा उजेड पाठवत राहते.

दुसरं केबलचं. जत्रेत शेवटचे दोन पार थरथरतात अशी तक्रार घेऊन एका मंडळानं मला रात्री उठवून नेलं. जाऊन बघतो तर साऊंडवाल्याची माइकची केबल लावलेली. प्लग तोच, पिना तीनच, म्हणून चालतंय असं वाटतं. लांबी वाढली की शेवटाला जाऊन सिग्नल उलटा फिरतो. मी टॉर्चच्या उजेडात १२० ओमचा रेझिस्टर २ आणि ३ नंबरच्या पिनेत डागला आणि शेवटच्या पारच्या आउटला लावला. थरथर जागच्या जागी थांबली. काही रुपयांची वस्तू. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं मी काहीतरी मंत्र टाकला. 🙏

डिमरवाला काका
व्होल्टेजचं मान्य. खरं मशीनची फजिती मी डोळ्यानं बघितलीय, ती सांगतोच. शेजारच्या गावात लॅपटॉपवर नाटक. बाप मेलाय, पोरगी उशाशी बसलीय, उजेड निळसर. प्रॉम्प्टर उठायला गेला, पाय केबलीत, डोंगल बाहेर. सिग्नल तुटल्याबरोबर दोन पार आपल्या आपणच रंग बदलायला लागले. लाल, हिरवा, गुलाबी. पोरगी हंबरडा फोडतेय आणि बापाच्या तोंडावर डिस्को! मागच्या रांगेतनं एकानं शिट्टी मारली आणि मेलेल्या बापाचं पोट हसून हलायला लागलं. 😂

विंगेतला
काका, हे दिव्याच्या सेटिंगचं काम आहे. सिग्नल तुटला तर शेवटचा उजेड धरून ठेवायचा, काळोख करायचा की स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा, हे बऱ्याच पारच्या मेनूत ठरवता येतं. आणि केबल चिकटपट्टीनं दाबून टाकायची. बोर्डाची वायर पायात येत नाही का?

पदराच्या गोष्टीवर मात्र मी रात्रभर विचार केला. त्यावर तोड आहे. सॉफ्टवेअरमध्ये क्यू-लिस्टच्या बाजूला क्रॉसफेडचे, म्हणजे एका उजेडातून दुसऱ्यात नेणारे, स्लायडर असतात. मिडीचा, म्हणजे लॅपटॉपला लावायचा, छोटा स्लायडर बॉक्स जोडला की तो फेड बोटानं मागंपुढं करता येतो. म्हणजे ठरलेला उजेड मशीन लक्षात ठेवतं, तिथवर किती वेळात जायचं ते तुमचं बोट ठरवतं.

डिमरवाला काका
म्हणजे शेवटी स्लायडरच.

एकांकिकावाली
मी कॉलेजच्या ग्रुपमध्ये आहे, आमची बाजू थोडी वेगळी. लॅपटॉपच्या नावानं मी आधी खूप नाचले आणि मग तोंडावर आपटले. तालमीच्या हॉलमध्ये सगळं बसवलं, १९ क्यू, फाईल पेनड्राइव्हवर. स्पर्धेच्या ठिकाणी गेलो तर तिथले पार ४ चॅनलचे. आमच्या फाईलमधला 'मास्टर' तिथं 'लाल' झाला, आमचा 'लाल' त्यांचा 'हिरवा'. पहिला क्यू दिला आणि वाड्यातली आजी हिरवीगार! सेटिंगला मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ तिथं कुठला दिवा कुठल्या पत्त्यावर आहे हे शोधण्यातच गेला.

तेव्हा "तालमीत दिसलं तेच प्रयोगाला" हे विंगेतलाचं म्हणणं फक्त तेच दिवे, त्याच मोडमध्ये, त्याच जागी टांगले तर खरं. जागा बदलली की कोन बदलला. दर खेपेला दिवे बदलणाऱ्या मंडळाला काकांचा बोर्ड जास्त लवकर जमेल, कारण काका फाईल उघडत नाहीत, स्टेजकडे बघतात.

नाटकवेडी
पण सॉफ्टवेअरमध्ये फिक्स्चर, म्हणजे दिव्याचा प्रकार, बदलून घेता येतो ना? क्यू लिहिताना रंग आणि जागा वेगळी नोंदवून ठेवली तर निम्मं काम वाचतं. तुम्ही ते केलं नव्हतं, त्याचा राग लॅपटॉपवर काढताय.

एकांकिकावाली
ताई, केलं नव्हतं हे खरं. पण प्रयोगाच्या सकाळी हे जमणारी मुलं आपल्याकडे आहेत किती?

आणखी एक, यावर विंगेतला काहीच बोलला नाही. आमच्या नाटकात पहाट होते, सावकाश, ६० सेकंदांत. ० ते २५५ म्हणजे २५५ पायऱ्या, सेकंदाला चारेक. वरच्या उजेडात कळत नाही, पण अगदी तळाला एलईडी टुक्-टुक् करत चढतो. पुढच्या रांगेतल्या परीक्षकांनी विचारलं, "सूर्य जिन्यानं येतोय का?" दोन चॅनल जोडून ६५,५३६ पायऱ्या देणारे पार असतात, पण भाड्याच्या पारमध्ये ती सोय मला अजून भेटली नाही.

डिमरवाला काका
सूर्य जिन्यानं येतोय! हे मी आता जन्मभर सांगणार.

वायरमन निपाणी
पहाटेपुरते दोन हॅलोजन ठेवा की, डीएमएक्स घेणाऱ्या डिमर पॅकवर. दोन दिव्यांना ९ अँपिअरच्या आत काम भागतं. तंतू गरम व्हायला आणि गार व्हायला वेळ घेतो, त्यात पायऱ्या बुजून जातात. लॅपटॉपवर चालतंय आणि तांबूसही दिसतंय. आणि लॅपटॉप बॅटरीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट गेली की लॅपटॉप सुरू आणि पार बंद. परत आली की पार चालू होईपर्यंत तुमचा क्यू पुढं गेलेला असतो.

जांबोटी रोड
इतका वेळ वाचूलोय. एक बोलू का? त्या मीटिंगला मी होतो. गलका बोर्डावरून झालाच नव्हता. बोर्ड नको म्हणजे बोर्डाबरोबर येणारा माणूस नको, त्याची रात्रीची मजुरी नको, असं ऐकणाऱ्यांनी ऐकलं. तो माणूस आपल्या गावाला इतकी वर्षं येतोय की जेवायला कुणाच्या घरी जायचं हे त्याला विचारावं लागत नाही. जत्रेचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. त्यातली एक रात्र गेली म्हणजे काय ते विंगेतल्यानं धरलं नाही आणि धरलं असलं तर मीटिंगमध्ये बोलला नाही.

विंगेतला
नव्हतं धरलं. मंडळाचा खर्च वाचेल असंच मी म्हटलं होतं, ते आता आठवतंय.

नाटकवेडी
खर्च वाचवायला लॅपटॉप आणायचा असेल तर माझाही विरोध. मी आणला तो उजेड चांगला व्हावा म्हणून, आमच्या मुलाची मजुरी तेवढीच आहे. उलट दोन दिवस तालमीला येतो म्हणून वाढवून द्यावी लागली.

डिमरवाला काका
तुमचा बोर्डवाला म्हणजे मीच रे बाबा. जांबोटी रोडनं ओळखलं वाटतं. दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं समजून इतका वेळ भांडूलालो.

विंगेतला
काका!! 🙈 मग रविवारी तालमीला या. मिडीचा बॉक्स मी मित्राकडून आणतो. क्यू मी लावतो, पत्राचा प्रसंग तुम्ही बोटानं करा. मजुरीचं मी मंडळात बोलतो, तालमीच्या दिवसाची धरून. पण एलईडीच, आणि सगळे पार वेगळ्या पत्त्यावर. त्यात माघार नाही.

डिमरवाला काका
येतो. दोन हॅलोजन घेऊन येतो, पहाटेला. लागले नाहीत तर परत नेतो, त्यात काय. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र तुमचा आणा. गेल्या जत्रेत माझा तुमच्याकडं राहिलाय, तो अजून आला नाही.