झाडू आमच्या हातात, वही कुणाच्या हातात?

नालीकाठचा
परवा इथंच एकानं लिहिलं होतं, 'महापालिकेच्या नावानं खडे फोडणं बंद करा. दर रविवारी दोन तास झाडू घ्या, सहा महिन्यांत तुमचा वॉर्ड तुम्हालाच ओळखू येणार नाही.' खाली सगळ्यांनी वाहवा केली. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

झाडूच काय, मी फावडंही घेतलंय. आमच्या गल्लीतली नाली तुंबून पाणी अंगणात यायला लागलं तेव्हा अकरा घरांनी मिळून दोन रविवार गाळ उपसला. फावडी आमची, घमेली आमची. सोमवारी ट्रॅक्टर येतो असा वॉर्ड ऑफिसातून शब्द मिळाला होता, म्हणून गाळ रस्त्याच्या कडेला रचला. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी रात्री पाऊस झाला आणि सगळा गाळ परत नालीत. फिनेलची एक निळी बाटली मी माझ्या हातानं बाहेर काढली होती. शुक्रवारी सकाळी ती त्याच जाळीला अडकलेली दिसली. पुढं माहितीच्या अधिकारात कागद काढले, तर त्याच महिन्यात तीच नाली ठेकेदारानं साफ केल्याचं बिल निघालेलं.

घाम आमचा आणि पैशाचा निर्णय त्यांचा, याला लोकसहभाग म्हणत नाहीत, फुकटची मजुरी म्हणतात. शहरांच्या कारभाराबद्दलची 74वी घटनादुरुस्ती 1992ची. तिच्यानुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या, म्हणजे वॉर्डांच्या समित्या, सक्तीच्या. 2009 साली राज्यानं महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. आमच्या वॉर्डात ती भरलेली मी एकदाही पाहिली नाही. मला रविवारचे दोन तास द्यायचेत, पण त्या सभेत.

निवृत्त मास्तर
भाऊ, बिलाचं वाचून वाईट वाटलं. पण सभा भरेपर्यंत कचरा थांबत नाही. फेब्रुवारी 2018 आठवा. औरंगाबादेत (तेव्हा नाव तेच होतं) नारेगाव-मांडकीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या उशाला पडत होती, त्यांचं काय चुकलं? इकडं शहरात मात्र चौकाचौकात ढीग. मार्चमध्ये गाड्या शहराच्या कडेच्या मिटमिट्याकडं वळवल्या, तर तिथं दगडफेक आणि लाठीमार.

त्या दिवसांत आमच्या कॉलनीनं कुणाची वाट पाहिली नाही. मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात विटांचे दोन हौद बांधले. खाली काटक्या, वर ओला कचरा, त्यावर पालापाचोळा, मग गुळाचं पाणी आणि आंबट ताक. पहिले पंधरा दिवस वासानं लोक भांडायला आले. तिसऱ्या महिन्यात खालचा थर उकरला तर काळं, भुरभुरीत खत. मुठीत घेतलं की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. ज्या बाई सगळ्यात जास्त भांडल्या त्यांनीच तुळशीला घालायला पहिली पाटी नेली. आजही आमच्याकडं ओला-सुका वेगळा निघतो. हे कुठल्या सभेनं झालं नाही.

नालीकाठचा
मास्तर, तुमच्या कॉलनीला नमस्कार. पण कचरा जिरवला तुम्ही, तर घरपट्टीत तुम्हाला किती सूट मिळाली? तुमच्याकडचा कचरा उचलायचा पालिकेचा खर्च वाचला तो कुठं गेला, हे कुणी सांगितलं का? मी तेच विचारतोय.

निवृत्त मास्तर
सूट मागायला मी हौद बांधला नव्हता. प्रत्येक गोष्टीची पावती मागणाऱ्या माणसाच्या हातून एक झाड लागत नाही.

नालीकाठचा
दोन रविवार गाळात उभं राहिलेल्या माणसाला हे बोलू नका, मास्तर. वयाचा मान ठेवून इथंच थांबतो.

गावाकडची
दोघांनाही सांगते, संभाजीनगरजवळचं पाटोदा बघून या. सरपंच पेरे पाटलांच्या काळात तिथं पट्टी भरणाऱ्याला दळण फुकट केलं. बाई पिठाचा डबा घेऊन घरी येते तेव्हा तिला कळतं की आपला पैसा कुठं गेला. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली आलं तेव्हा मी शाळेत होते. आम्ही पोरींनी अख्खं गाव झाडलं. पण ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारताही येत होतं. शहरात आल्यावर झाडायला बोलावतात, विचारायला कुणी बोलवत नाही. या बाबतीत मी नालीकाठच्या भाऊंच्या बाजूची.

शेवटचं घर
झाडू आणि सभा दोन्ही राहू द्या. पाण्याचं बोला, कारण लोकसहभाग तिथं उघडा पडतो.

आमच्याकडं आठ दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दोन-अडीचला. मी नळाखाली स्टीलचं पातेलं ठेवते, म्हणजे पहिल्या थेंबाच्या आवाजानं जाग येते. नळ आधी नुसती हवा फेकतो. मग करंगळीएवढी धार येते. आणि तेवढ्यात वरच्या अंगाला एकेका घरातून मोटारीची घरघर सुरू होते. मोजून दहा मिनिटांत माझा नळ उलटा हवा ओढायला लागतो, बोट लावलं तर चिकटतं. त्या घरांचे हौद भरून पाणी रस्त्यावर येतं आणि त्यात चपला भिजवत मी जार आणायला जाते. हीच माणसं रविवारी टोप्या घालून झाडू मारताना फोटो काढतात. श्रमदान नको मला. त्यांनी फक्त मोटार बंद करावी.

वरची गल्ली
ताई, मी तुमच्या गावचा नाही, पण मोटार लावतो, उघड सांगतो. चोर म्हणायच्या आधी ऐका. चार वर्षं मी बिना मोटारीचा राहिलो. शेजाऱ्यानं लावली, त्याच्या शेजाऱ्यानं लावली, माझ्या नळाला पाणी यायचं बंद झालं. घरात म्हातारे वडील, बायको आजारी. टँकरला पैसे घालवून घालवून शेवटी टिल्लू मोटार आणली. मी एकट्यानं बंद केली तर पाणी तुमच्याकडं जाणार नाही, शेजाऱ्याच्या हौदात जाईल.

शेवटचं घर
प्रत्येक जण हेच सांगतो. शेजारी, त्याचा शेजारी, आणि टोकाला मी.

निवृत्त मास्तर
ही सरळ चोरी आहे. मोटार जप्त करून नळ तोडला पाहिजे. आजारपण सांगून सुटका नाही.

वरची गल्ली
मास्तर, तुमच्या घरी बोअर असेल. ज्याच्या घरी बोअर आहे त्याला सगळे चोरच दिसतात.

निवृत्त मास्तर
आहे. आणि ते दर उन्हाळ्यात आटतं, तेव्हा मीही रांगेत असतो. तोंड सांभाळून बोला.

लातूरवाला
भांडायलात कशाला? एप्रिल 2016ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. मांजरा धरण कोरडं पडल्यावर वरची गल्ली आणि खालची गल्ली एकच झाली. टँकर आला की आमच्या गल्लीत घरटी घागरी ठरवल्या होत्या. एक पोरगी वहीत नावं लिहायची, आणि तिच्या वहीपुढं कुणाचं काही चालत नव्हतं, नगरसेवकाच्या पाहुण्याचंसुद्धा. पाऊस झाला, वही गेली, मोटारी आल्या. याचं मला अजून वाईट वाटतं.

जुना लाइनमन
मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून सांगतो. संभाजीनगरचं पाणी जायकवाडीतून उपसतं, फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला चढतं आणि तिथून शहरातल्या टाक्यांत येतं. वर्षानुवर्षं भार 700 आणि 1400 मिलिमीटरच्या लाइनींवर राहिला. 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020मध्ये झालं, त्यात 2500 मिलिमीटरची लाइन. तासभर जरी पंप बंद पडला तरी पुढच्या सगळ्या गल्ल्यांची पाळी सरकते. माणसाला वेळ कळत नाही, म्हणून तो घाबरतो आणि मोटार लावतो.

लाइनमध्ये दाब कमी असताना मोटार ओढते तेव्हा नुसतं पाणी येत नाही. फुटक्या जोडातून बाजूच्या नालीचं पाणीही आत जातं. वरच्या गल्लीतल्या भाऊंनी आजारपणाचं लिहिलंय. एकदा त्या बाजूनंही विचार करावा.

मोटारी मी जप्तही केल्यात. आठ दिवसांत नव्या यायच्या. फरक पडलेला एकाच गल्लीत पाहिला. तिथं बायकांनी ठरवलं की पहिला अर्धा तास कुणीच मोटार लावायची नाही, आणि व्हॉल्व सोडायच्या आधी मी एका घरी फोन करायचा. मी शेवटपर्यंत केला. साहेबाचा तसा आदेश नव्हता.

नालीकाठचा
काका, तुम्ही नोकरीत असताना बोलला असतात तर चांगलं वाटलं असतं, पण बोललात हे खरं. आणि तुमचं ऐकून माझं मत पक्कं झालं. व्हॉल्वची वेळ लिहून लावा, चुकली तर कारण लिहा, हे विचारायची जागा म्हणजेच क्षेत्रसभा. तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या फोनवर गल्ली किती दिवस चालणार?

जुना लाइनमन
मी निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत तिथं पुन्हा मोटारी लागल्या. हे मान्य करतो.

वरची गल्ली
नालीच्या पाण्याचं मला माहीत नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलंय, येत्या पाळीला पहिला अर्धा तास माझी मोटार बंद. दोघांनी होकार दिला, एकानं शिव्या दिल्या. एकाच पाळीचं सांगतोय, पुढचं कबूल करत नाही.

शेवटचं घर
तुम्ही आमच्या गल्लीत नाहीत, याचंच वाईट वाटतंय.

निवृत्त मास्तर
चोरी म्हणालो ते मागं घेत नाही. पण भाऊंनी इथं उघड सांगितलं, एवढं आमच्या कॉलनीतलं कुणी सांगणार नाही. नालीकाठच्या भाऊंसाठी: हौदामुळं वाचलेल्या खर्चाचं मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं. ऑफिसात लेखी अर्ज देतो आणि काय उत्तर येतं ते इथं टाकतो.

नालीकाठचा
टाका. आणि हौदाचं माप पाठवा, लांबी-रुंदी आणि विटा किती लागल्या ते. गाळासाठी आता झाडू-फावडं घेणार नाही हे कायम, पण आमच्या कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे.